विश्लेषण : पोथी स्कॅन झाली, संपादक कधी नेमणार?

मराठीला अभिजात दर्जा देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घेतला. तेव्हापासून जुने ग्रंथ ‘डिजिटल’ करण्याची चर्चा वाढली आहे. या चर्चेत बहुतेकांच्या डोळ्यांसमोर असतो तो स्कॅनर. युरोपातील विद्यापीठे मात्र गेली काही वर्षे वेगळ्याच कामासाठी जाहिराती देतात : डिजिटल ग्रंथसंपादनासाठी पीएचडीनंतरचे संशोधनपद, म्हणजे ‘पोस्टडॉक’. आपल्याकडे हे पद जवळजवळ अपरिचित आहे, आणि खरी उणीव तीच आहे.

स्कॅन आणि संपादन यांत फरक काय?

स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. त्यात शब्द शोधता येत नाही, दोन प्रतींतला फरक कळत नाही. जुन्या पोथ्यांत अक्षरे सलग लिहिलेली असतात, शब्द सुटे नसतात. उदाहरणापुरते, ‘नमनकरी’ असे दिसले तर वाचायचे कसे? ‘नमन करी’ की ‘न मन करी’? एका वाचनात माणूस हात जोडतो, दुसऱ्यात नकार देतो. हा निर्णय यंत्र घेऊ शकत नाही. तो जाणकाराने घ्यायचा आणि का घेतला हे नोंदवायचे, याचे नाव संपादन.

हे काम नवे आहे का?

मुळीच नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. इतिहासाचार्य राजवाडे यांनी बीडजवळ पाटांगण येथे मिळालेल्या जुन्या पोथीवरून १९०९ मध्ये आपली आवृत्ती छापली. ती पोथी आज उपलब्ध नाही. राजवाड्यांनी तिच्यात काय वाचले आणि कुठे स्वतःचा अंदाज चालवला, हे पडताळण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला आहे. डिजिटल आवृत्तीत पोथीचे छायाचित्र, तिचे अक्षरशः लिप्यंतर आणि संपादकाने स्वीकारलेला पाठ शेजारीशेजारी ठेवता येतो. वाचक मोबाइलवरही ओवी उघडून कोणत्या प्रतीत कोणता शब्द आहे ते पाहू शकतो आणि संपादकाशी मतभेद नोंदवू शकतो.

मग पोस्टडॉक करतो काय?

तो पोथी वाचतो, प्रतींची ताडणी करतो आणि प्रत्येक पाठभेदाला ‘टीईआय’ या आंतरराष्ट्रीय पद्धतीने खुणा लावतो. ही पद्धत ठरवण्याचे काम १९८७ मध्ये सुरू झाले. अशा खुणा असल्या की उद्या संकेतस्थळ बदलले तरी मजकूर वाया जात नाही. जुनी मराठी, लिपी आणि संगणक या तिन्हींत गती असलेली व्यक्ती यासाठी लागते. अशी माणसे तयार व्हायला वर्षे लागतात आणि पगाराशिवाय ती टिकत नाहीत.

भारतात कुणी करून दाखवले?

कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाने. प्रा. सुकांत चौधुरी यांच्या नेतृत्वाखाली रवींद्रनाथांच्या साहित्याचा ‘बिचित्रा’ हा ऑनलाइन संग्रह २०१३ मध्ये खुला झाला. हस्तलिखितांची ४७,५२० आणि छापील मजकुराची ९१,६३७ पाने त्यात आहेत. एकाच कवितेचे वेगवेगळे पाठ शब्दाशब्दाने ताडून पाहण्याची सोयही आहे. केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाने त्यासाठी पैसा दिला होता. म्हणजे ‘सरकार अशा कामाला पैसे देत नाही’ ही सबब चालणार नाही.

अडचण कुठे आहे?

मुदतीत. पोस्टडॉक बहुधा दोन-तीन वर्षांचे असते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पूर्ण झाले. वि. सी. सुकथनकर यांनी १९२५ मध्ये सूत्रे घेतली. आदिपर्व पुरे व्हायला १९३३ उजाडले. त्यांना तीन वर्षांचे कंत्राट दिले असते तर पहिले पर्वही हातावेगळे झाले नसते. (कंत्राट वाढवून घेण्याचे अर्ज लिहिण्यात वर्षभर गेले असते ते वेगळेच.) संगणकाने ताडणी वेगाने होते, निर्णय मात्र पूर्वीच्याच गतीने होतात.

त्यामुळे युरोपची जाहिरात जशीच्या तशी उचलण्यात अर्थ नाही. अभिजात दर्जामुळे जो काही निधी येईल, त्यातून निदान तीन संपादकपदे पाच वर्षांसाठी निर्माण करावीत, काम बघून मुदत वाढवावी. पुढे सर्व्हर आणि मजकूर सांभाळण्याची जबाबदारी एखाद्या कायम संस्थेकडे लेखी द्यावी. सुरुवात ज्ञानेश्वरीच्या एकाच अध्यायाने केली तरी चालेल. बारावा घ्यावा, तो आटोपशीर आहे आणि अनेक वारकऱ्यांना पाठ असल्याने चूक राहिली तर लगेच कळेल.