हेडीसची केस परत उघडा

हॉलिवूडला ग्रीक पुराणांवर सिनेमा काढायचा असला की व्हिलन बहुतेक वेळा ठरलेला. हेडीस! 1997 च्या डिस्नीच्या 'हर्क्युलिस'मध्ये तो डोक्यावर निळ्या ज्वाळा मिरवत ऑलिंपस बळकवायला निघतो. 2010 च्या 'क्लॅश ऑफ द टायटन्स'मध्ये झ्यूसविरुद्ध कट करतो. मेलेल्यांचा राजा ना, मग सैतानच असणार. संपलं लॉजिक.

च्यायला, मूळ कथा तरी वाचा. हर्क्युलिसच्या, म्हणजे ग्रीकांच्या हेराक्लीसच्या, जिवावर उठलेली असते ती हेरा. हेडीसचा त्यात काही संबंध नाही. उलट हेराक्लीस पाताळाच्या दारावरचा कुत्रा न्यायला येतो, तेव्हा हेडीस म्हणतो, हत्याराशिवाय धरता आला तर खुशाल ने. ऑर्फियसच्या गाण्यावर त्याची मेलेली बायकोही परत द्यायला तयार होतो, फक्त मागे वळून बघायचं नाही या अटीवर. आणि हे राज्य त्याने बळकावलेलंही नाही. 'इलियड'मध्ये तिघा भावांनी चिठ्ठ्या टाकल्या. झ्यूसला आकाश, पोसायडनला समुद्र आणि याला पाताळातला अंधार. थोडक्यात, कायमची नाइट शिफ्ट. तीसुद्धा मुकाट्याने करतोय.

मग सैतान आला कुठून? ज्यूंच्या धर्मग्रंथाचं ग्रीक भाषांतर करताना 'शिओल', म्हणजे मृतांची जागा, याला 'हेडीस' हा शब्द वापरला गेला. नव्या करारातही तो आला. 1611 च्या किंग जेम्स बायबलने त्याचं इंग्रजीत 'हेल' केलं. तिथे मेलेले सगळेच जायचे, पापी आणि पुण्यवान दोघंही, हा तपशील वाटेत गळाला.

म्हणजे हेडीस सज्जन? मुळीच नाही! माझा खरा राग इथे आहे. खोट्या आरोपांच्या गर्दीत त्याचा खरा गुन्हा दडून जातो.

डेमेटरच्या स्तोत्रात पर्सेफोनी फुलं वेचत असते. जमीन दुभंगते, हेडीस रथातून वर येतो आणि किंचाळणाऱ्या पोरीला उचलून नेतो. परवानगी होती का? होती ना, तिच्या बापाची! बाप म्हणजे झ्यूस. आईला विचारलं नाही, पोरीला तर नाहीच. डेमेटर पृथ्वीवर एक दाणा उगवू देत नाही, यज्ञ बंद पडायची वेळ येते, तेव्हा कुठे झ्यूसला जाग येते. तोवर हेडीसने चोरून डाळिंबाचा दाणा खाऊ घातलेला. झालं, वर्षाचा एक तृतीयांश काळ कायमचा पाताळात.

आता नवी फॅशन अशी की हीच जोडी रोमँटिक. 2018 मध्ये सुरू झालेल्या 'लोअर ऑलिंपस' या वेबकॉमिकमध्ये हेडीस हळवा, सुटाबुटातला श्रीमंत बॉस आहे. कथा नव्याने सांगायला माझी ना नाही. पण त्यावरून 'मुळातच ती लव्हस्टोरी होती' असं कोणी सांगायला लागलं की डोकं सटकतं. त्या स्तोत्रात ती किंचाळते, हे लिहिणाऱ्याने लपवलेलं नाही. अडीच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या कवीला जे दिसलं, ते आपल्याला दिसू नये?

तेव्हा हेडीसवर खटला जरूर भरा. पण सैतान म्हणून नको, अपहरणकर्ता म्हणून. आणि आरोपी नंबर दोन म्हणून वर आकाशात बसलेल्या त्या बापाचं नाव घालायला विसरू नका. सिनेमात तोच तर प्रेमळ बाबा असतो!