सैतानाला श्रेय, मग गुरूला काय?

ब्लूज गिटारवादक रॉबर्ट जॉन्सनचे नाव निघाले की गोष्ट ठरलेली. मिसिसिपीतल्या एका चौरस्त्यावर मध्यरात्री त्याने सैतानाला आत्मा विकला आणि बदल्यात बोटांत जादू मिळवली! आमचे शिकलेसवरलेले संगीतप्रेमीसुद्धा डोळे विस्फारून हे सांगतात, तेव्हा माझे डोके फिरते.

घडले ते असे. १९३०च्या सुमारास सन हाउससारखे बुजुर्ग वाजवून थांबले की विशीतला रॉबर्ट त्यांची गिटार उचलायचा आणि लोक वैतागायचे. त्याच वर्षी त्याची कोवळी बायको बाळंतपणात गेली. पुढे तो जन्मगावाकडे, हेझलहर्स्टच्या भागात गेला. तिथे आइक झिमरमन नावाच्या वादकाने त्याला घरी ठेवून शिकवले. रात्री दोघे कबरस्तानात बसून सराव करीत. भुतांसाठी नव्हे हो, तिथे कुणाची झोपमोड होत नसे म्हणून! झिमरमनच्या मुलीनेच हे सांगून ठेवले आहे. शिवाय रॉबर्टने लिरॉय कार, कोकोमो अर्नोल्ड यांच्या रेकॉर्डी कान देऊन ऐकल्या. पियानोवादकाचा डावा हात जे करतो ते त्याने अंगठ्याने खर्जाच्या तारांवर आणले. हे एका रात्रीत येते?

आणि सैतानाची ती गोष्ट मुळात टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच गायकाची, त्याच्या भावाने सांगितलेली. आडनाव सारखे, म्हणून इकडे चिकटली. रॉबर्टच्या 'क्रॉस रोड ब्लूज'मध्ये सैतान शोधूनही सापडत नाही.

ब्लूजला सैतानाचे गाणे तिथले चर्चवालेच म्हणत, हे खरे. पण १९६१ साली त्याची एलपी निघाल्यावर गोऱ्या श्रोत्यांनी ही कथा डोक्यावर घेतली. कापसाच्या शेतावरचा काळा पोर घासून घासून विद्या मिळवतो, यापेक्षा सौदा पचायला सोपा! आपण तरी काय वेगळे? खाप्रूमामा पर्वतकरांच्या लयीला 'दैवी देणगी' म्हणून हात जोडतो, रियाजाचे नाव कोण काढतो?

असो. १९३६ आणि १९३७ मधले मिळून पाच दिवस, एकोणतीस गाणी, एवढेच रॉबर्टचे ध्वनिमुद्रण. १९३८च्या ऑगस्टमध्ये ग्रीनवुडजवळ तो वारला, वय सत्तावीस. झिमरमनची तर एकही रेकॉर्ड निघाली नाही. क्लार्क्सडेलच्या चौरस्त्यावर मात्र खांबावर मोठाल्या गिटारी लावल्या आहेत आणि पर्यटक त्यांच्याखाली हौसेने फोटो काढतात.