उचलबांगडी

मराठी वृत्तपत्रांत दोन शब्द नित्य भेटतात: अधिकाऱ्याची 'उचलबांगडी' आणि मंत्रिमंडळातील 'खांदेपालट'. दोन्ही शब्द मुळात माणसाने माणसाला वाहून नेण्याच्या व्यवहारातले. हातपाय धरून एखाद्याला अधांतरी उचलून नेणे ही उचलबांगडी. पालखीचा वा तिरडीचा भार एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेणे हा खांदेपालट. पहिल्यात उचलल्या जाणाऱ्याला कोणी विचारीत नाही. दुसऱ्यात वाहणाऱ्याचे कसब असते. आपल्या रुग्णालयांत अतिस्थूल माणसाच्या वाट्याला बहुधा पहिली क्रियाच येते, आणि ती टाळण्याचे शिक्षण उचलणाऱ्यांना कोणी देत नाही, हे मला येथे मांडायचे आहे.

हे कसब परके नाही. महाड तालुक्यातच रायगड आहे. १९९६ साली रोपवे सुरू होण्यापूर्वी, सुमारे १४०० पायऱ्या ज्यांच्या गुडघ्यांना झेपत नसत त्यांना डोलीचाच आधार होता. चढावर भार मागच्यांवर येतो, उतारावर पुढच्यांवर; म्हणून कोण कोठे लागणार, थांबायचे कोठे, खांदा बदलायचा केव्हा, हे आधी ठरते आणि त्याचा शब्द एकच जण देतो. गिरनारला गेलेल्या दत्तभक्तांनी पाहिले असेल की तेथे डोलीचे दर माणसाच्या वजनावरून ठरतात. चारचौघांत काट्यावर उभे राहणे कोणाला आवडणार? पण डोलीवाल्याच्या त्या विचारण्यात कुचेष्टा नसते. त्याला स्वतःच्या खांद्याचा हिशेब करायचा असतो. रुग्णालयात नेमके उलटे घडते. वजन कोणी विचारीत नाही, आणि कुचेष्टा मात्र होते. 'अजून दोघांना बोलवा रे' हे वाक्य रुग्णाला ऐकू जाईल अशाच आवाजात उच्चारले जाते. पुढच्या वेळी छातीत कळ आली तरी तो माणूस दवाखान्याचे नाव काढीत नाही.

महाड-पोलादपूरसारख्या भागात हा प्रश्न कशाला, असे कोणी म्हणेल. डोंगरातल्या वाड्यांवर काटक माणसे. स्थूलता हा शहरी रोग. ही समजूत आता सोडावी लागेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष अधिक वजनाचे वा स्थूल आढळले. ह्यांतील अतिस्थूल थोडेच, हे खरे. पण त्या थोड्यांपैकी एक जण रात्री दोन वाजता पोलादपूरच्या एखाद्या वाडीत पडला, तर उचलणार कोण? ह्या दोन्ही तालुक्यांतील कर्ते पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला. घरी म्हातारी माणसे, बायका, मुले. आजाऱ्याला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणणारे खांदे गणपतीला आणि शिमग्याला येतात, मग पुन्हा जातात. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. तिच्यात एक डॉक्टर आणि एक चालक. म्हणजे चार हात, आणि त्यांतले दोन पुढे घाटात गाडी हाकायचे आहेत.

थोडे अंकगणित करू. माणसाच्या एका पायाचे वजन साधारणतः शरीराच्या सहाव्या हिश्श्याइतके असते. दीडशे किलोंच्या माणसाचा एक पायच पंचवीस किलोंचा. अमेरिकेतील तज्ज्ञांनी रुग्ण हाताने उचलण्याची मर्यादा कर्मचाऱ्यामागे सुमारे १६ किलो सुचविली आहे. म्हणजे मलमपट्टीसाठी तो पाय वर धरून उभे राहणेही एकट्याचे काम नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्यासाठी ५५ किलोंची शिफारस केली, पण पोते स्थिर असते, त्याला वेदना नसतात आणि ते भीतीने शेजाऱ्याचा गळा धरीत नाही. आता घर ते गाडी, गाडी ते ट्रॉली, ट्रॉली ते क्ष-किरणांचे टेबल, तेथून परत, आणि 'मुंबईला हलवा' म्हटले की पुन्हा सारे पहिल्यापासून. शल्यविशारदाचे दर्शन होईपर्यंत माणूस सहा-सात वेळा उचलला जातो. त्यांतल्या प्रत्येक वेळी कोणाची तरी कंबर जाऊ शकते. ती बहुधा एखाद्या मामांची वा मावशींची असते, कंत्राटी, आणि कंबर गेली की कामही जाते.

२०१७ च्या फेब्रुवारीत इजिप्तच्या इमान अहमद ह्यांना मालवाहू विमानाने मुंबईत आणले गेले. त्यांचे वजन तेव्हा सुमारे ५०० किलो असल्याचे सांगितले जात होते. सैफी रुग्णालयात पलंगासकट क्रेनने उचलून त्यांना आत घेतले, आणि ते दृश्य आपण सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिले. पुढे मे महिन्यात त्या अबुधाबीला गेल्या व सप्टेंबरात निवर्तल्या. क्रेन पाहून पुष्कळांना वाईट वाटले. मला क्रेनचे वाईट वाटले नाही. यंत्र कोणाला हसत नाही. वाईट वाटले ते कॅमेऱ्यांचे.

आपल्याकडे मेलेल्या माणसाला उचलण्याची रीत आहे: खांदेकरी ठरतात, वाटेत विसावा असतो, आणि प्रेत जड होते असे कोणी मोठ्याने म्हणत नाही. जिवंत जड माणसासाठी आपल्यापाशी आहे ती नाटकातली हशा पिकविणारी जागा, आणि चादरीचे चार कोपरे.

शिकवायचे फार नाही. परिचारिकांच्या अभ्यासक्रमात रुग्ण हलविण्याचा पाठ असतो; तो मामा-मावशींपर्यंत आणि रुग्णवाहिकेच्या चालकापर्यंत न्यायला हवा. वजन विचारून लिहून ठेवावे, दबक्या आवाजात पण न लाजता. ट्रॉली किती भार सोसते ते आधी वाचावे. अतिस्थूल माणसाला सपाट निजविले की धाप लागते, म्हणून डोक्याकडची बाजू उंच ठेवावी. उचलण्यापेक्षा सरकवावे, त्यासाठी निसरड्या कापडाची चादर मिळते. नुसते ओढले तर कातडी सोलवटते. हॉइस्ट महाग असते हे मान्य, पण ते प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात नसले तरी निदान जेथे रुग्ण पुढे धाडले जातात तेथे असावे. आणि सर्वांत आधी, पलंगावर निजलेल्या माणसालाच विचारावे की तुम्हाला स्वतःहून किती वळता येते. पुष्कळदा तो कुशीवर वळू शकतो. सहा जण धरायला धावतात आणि त्याच्या अंगात उरलेली शक्ती कोणी मोजीतच नाही. मग शब्द एकाने द्यावा, आणि तो कोण देणार हे रुग्णालाही ठाऊक असावे.