संतपूर परिसर किती सुरक्षित?

'हल्ली गाव पूर्वीसारखे राहिले नाही.' लग्नकार्यात, आठवडे बाजारात किंवा औरादच्या बसमध्ये आपल्या जुन्या घरांतील चार माणसे एकत्र आली की हे वाक्य हमखास निघते. मागोमाग यादी येते. विहिरीवरच्या मोटारीची वायर गेली, गोठ्यातून दोन शेळ्या गेल्या, अमक्याच्या दारातून मोटारसायकल गेली. आणि समारोपही ठरलेला असतो : 'बाहेरचे लोक फार झाले.' हा समारोप मला मान्य नाही, म्हणून हे लिहीत आहे.

बाहेरून येणारा गुन्हेगार नसतोच असे माझे म्हणणे नाही. १६ जानेवारी २०२५ रोजी बिदर शहरात भर दिवसा स्टेट बँकेसमोर एटीएमची रोकड नेणाऱ्या कर्मचाऱ्यांवर गोळीबार झाला. एक कर्मचारी ठार झाला. लुटारू रोकड घेऊन थेट हैदराबादेत पोचले आणि तेथेही त्यांनी एकावर गोळी झाडली. आपला मुलूखच तिठ्यावर आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी निजामाच्या वेळचा बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे मुंबई राज्यात गेले, नारायणखेड व जहीराबादचा बहुतेक भाग आंध्रात, म्हणजे आजच्या तेलंगणात गेला आणि आपण म्हैसूर राज्यात आलो. आपल्या सोयरिकी आजही या तिन्हींकडे आहेत. चोरालाही तेच रस्ते माहीत आहेत.

परंतु बाहेरच्या माणसाची भीती मनात मुरली की काय होते, तेही आपल्याच तालुक्याने पाहिले आहे. १३ जुलै २०१८. हैदराबादचे काही तरुण आणि त्यांच्यासोबत कतारहून आलेला एक पाहुणा हंडीकेरा गावाकडे आले होते. वाटेत त्यांनी शाळेच्या मुलांना चॉकलेटे वाटली. झाले! 'मुले पळवणारी टोळी' म्हणून त्यांची चित्रफीत व्हॉट्सॅपवर फिरली. त्यांची गाडी मुर्कीला पोचण्याच्या आधी निरोप पोचला. रस्ता अडवला गेला, गाडी उलटली आणि जमाव तुटून पडला. मध्ये पडलेले पोलीसही जखमी झाले. ३२ वर्षांचा एक संगणक अभियंता प्राणास मुकला. मूल मात्र एकही पळवले गेले नव्हते.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक तर पाकिस्तानात, कराचीच्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जागृती व्हावी म्हणून बनवली होती. कोणीतरी तिचा शेवट कापून ती इकडे सोडली. मुर्कीच्या बारा दिवस आधी, १ जुलै रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने पाच जणांना ठार केले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, मराठी बोलणारे. आपल्या आज्यांनी ज्यांच्या झोळीत पिढ्यान्‌पिढ्या जोंधळे घातले, तेच लोक. तेव्हा 'बाहेरचा' कोण हे भाषेवरून ठरते, हा गैरसमज कोणी बाळगू नये.

मुर्की प्रकरणात तीसच्या आसपास माणसे पकडली गेली, व्हॉट्सॅप गट चालवणाराही त्यात होता. ही माणसे परमुलखातली नव्हती. वकिलाची फी, तारखा, जामिनासाठी गहाण पडलेली शेती यांचा भार अशा वेळी घरच्या म्हाताऱ्यांवर येतो.

आता गुन्ह्यांच्या आकड्यांकडे येऊ. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दर लाख लोकसंख्येमागे किती गुन्हे नोंदले गेले, तो दर काढतो. नोंदले गेले, घडले नव्हे. गुन्हे वाढणे वेगळे आणि नोंद वाढणे वेगळे, असे त्या अहवालातच बजावलेले असते. मग मोटारीची वायर आणि शेळ्या कोठे नोंदल्या आहेत? माझा अनुभव सांगतो. आमच्या विहिरीवरची वायर गेली तेव्हा मी ठाण्यात गेलो होतो (कोणत्या, ते सोडा). मी मराठीत सांगितले, जमादारांनी कन्नडमध्ये कागदावर काहीतरी लिहिले व सही मागितली. काय लिहिले ते मला वाचता आले नाही, मी विचारलेही नाही. प्रत मिळाली नाही. पुढे कळले की तो नुसता साधा अर्ज होता, गुन्हा नोंदलाच नव्हता. नंतर शेजाऱ्याची वायर गेली तेव्हा तो ठाण्याकडे फिरकलाच नाही. आमच्या आजोबांच्या काळी सरकारी कागद उर्दूत असत आणि ते वाचून दाखवणारा एक जण गावात असे. आम्ही तेवढेही केले नाही.

कायदा मात्र आपल्या बाजूने आहे. राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदानुसार कोणत्याही गाऱ्हाण्याचे निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर, मग गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, घेतलीच पाहिजे, ती वाचून दाखवली पाहिजे आणि प्रत फुकट दिली पाहिजे. वायर उदगीरच्या हद्दीत गेली की आपल्या, हा वाद तक्रारदाराने सोडवायचा नाही. नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवावे, त्यावरही काही न झाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जावे. आणि रात्री-अपरात्री संशय आलाच तर ११२ फिरवावा, व्हॉट्सॅप नव्हे.

सीमाप्रश्नाचा निकाल लागायचा तेव्हा लागेल, शेळ्या तोवर थांबणार नाहीत. आपली मुले शाळेत कन्नड शिकली आहेत, ती अस्खलित वाचतात. मंडळाने अशी दोन मुले व दोन मुली निवडाव्यात. ज्येष्ठ माणूस तक्रार द्यायला निघाला की त्यांच्यापैकी एकाने सोबत जावे, लिहिलेले वाचून अर्थ सांगावा आणि प्रत घेतल्याशिवाय परतू नये. प्रतींची एक फाईल मंडळाच्या कपाटात राहावी. वर्षाअखेरीस ती घेऊन बिदरला अधीक्षकांना भेटता येईल. माझ्या पुतण्याने होकार दिला आहे. शेजाऱ्याच्या वायरीपासूनच सुरुवात करू असे तो म्हणतो. शेजारी अजून तयार नाहीत.