गणितविनोद : १४२८५७

सुटींत सोलापुरास जमलेल्या मुलांना पाटीवर १४२८५७ ही संख्या मांडावयास सांगावें. तीस २ ते ६ पैकीं कोणत्याही अंकानें गुणिलें, तरी तेच अंक चक्राकार फिरतात : दुप्पट २८५७१४, तिप्पट ४२८५७१. सातांनीं गुणितां मात्र ९९९९९९! एकास सातांनीं भागीत गेल्यास दशांशांत हेच सहा अंक अखंड येत राहतात, हें याचें बीज.

हिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ व १२२४४९ हे भाग मिळवितां पुनः मूळ संख्याच येते. अशा संख्यांस देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांचें नांव आहे. कित्येक विद्वानांनीं त्यांचे शोध पोरखेळ मानिले. १९७५ सालीं मार्टिन गार्डनर यांच्या लेखानें ते जगभर पोहोंचले.

तेव्हां घरांतील एखादें मूल आंकड्यांशीं खेळत बसलें, तर वडीलधाऱ्यांनीं त्याची पाटी हिसकावून घेऊं नये.