आवृत्ती कधी काढावी?

'आवृत्ती' हा शब्द साहित्याच्या विद्यार्थ्याला नवा नाही. पहिली आवृत्ती, सुधारून वाढवलेली आवृत्ती, चिकित्सक आवृत्ती हे तिचे प्रकार आपण शिकतो आणि शिकवतो. संगणकाच्या जगानेही हाच शब्द स्वीकारला, आणि त्याबरोबर संपादनातला एक जुना प्रश्नही तिथे गेला: काम अपुरे असताना ते वाचकापुढे ठेवावे, की पुरे होईपर्यंत थांबावे? ज्यांची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि पुन्हा वाटता येते अशा मुक्तस्रोत आज्ञावलींच्या बाबतीत तर हा प्रश्न विशेष तीव्र होतो. तिथे लिहिणारे पुष्कळ, त्यांतले अनेक स्वयंसेवक, आणि प्रकाशनाची तारीख हुकूम म्हणून सांगणारा मालक बहुधा नसतोच. हा प्रश्न तंत्रज्ञांचा तंत्रज्ञ पाहून घेतील, असे म्हणणे आम्हांला पटत नाही. आपले प्रबंध, सूची आणि नियतकालिके यांतले बरेचसे काम आज अशा आज्ञावलींच्या आधाराने चालते.

एरिक रेमंड यांनी १९९७ साली 'द कथीड्रल अँड द बझार' हा निबंध मांडला. लिनक्सच्या वाटचालीवरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की आवृत्त्या लवकर काढाव्यात, वारंवार काढाव्यात आणि वापरणाऱ्यांचे ऐकावे. पुढे हे सूत्र मंत्रासारखे म्हटले जाऊ लागले आणि त्यामागची अट मात्र विस्मरणात गेली. रेमंड यांच्या डोळ्यांपुढचा वापरकर्ता सहलेखक होता. चूक आढळल्यास ती कळवणारा, जमल्यास दुरुस्त करणारा. प्रबंध सादर करण्याच्या आदल्या आठवड्यात असलेली विद्यार्थिनी त्या अर्थाने सहलेखक नसते. तिला तिचे काम कालच्यासारखेच आजही उघडायला हवे असते.

हा भेद आपल्या परंपरेला परका नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली हाती घेतले आणि ते १९६६ साली पुरे झाले. पण संपादकांनी सत्तेचाळीस वर्षे दार लावून घेतले नव्हते. १९२३ साली ना. बा. उत्गीकर यांनी सिद्ध केलेली विराटपर्वाची एक तात्पुरती आवृत्ती विद्वानांकडे अभिप्रायासाठी धाडण्यात आली. आदिपर्वाचा पहिला खंडांश १९२७ साली आला आणि ते पर्व १९३३ साली पूर्ण झाले. तात्पुरती आवृत्ती तात्पुरती म्हणूनच दिली गेली, आणि दिली ती चूक काढू शकणाऱ्यांच्या हाती. लवकर प्रकाशन आणि पक्के प्रकाशन यांत विरोध नाही; दोहोंचा वाचक वेगळा आहे, इतकेच.

आता थांबण्याचे दुष्परिणाम पाहू. डेबियन या स्वयंसेवकांनी चालवलेल्या प्रणालीची ३.० ही आवृत्ती जुलै २००२ मध्ये निघाली आणि त्यापुढची ३.१ थेट जून २००५ मध्ये. लिनक्सच्या गाभ्याची २.४ ही मालिका जानेवारी २००१ मधली, तर २.६ डिसेंबर २००३ मधली. अशा दीर्घ खंडाचा तोटा केवळ वाट पाहण्याचा नसतो. पुढची गाडी तीन वर्षांनी सुटणार हे ठाऊक असले, की प्रत्येक जण आपले अर्धेकच्चे गाठोडे याच गाडीत कोंबू पाहतो. त्यामुळे गाडीला आणखी उशीर होतो, आणि उशीर होतो म्हणून गाठोडी आणखी वाढतात. मराठीपुरते बोलायचे तर 'ॲ' हा वर्ण युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान घेऊन २००८ सालच्या ५.१ या आवृत्तीत आला. पण प्रमाणात अक्षर आले म्हणून ते वाचकाला दिसत नाही. त्याच्या संगणकावरचा टंक नवा व्हावा लागतो. तोवर अक्षराच्या जागी रिकामी चौकट. मंदगतीची किंमत ही अशी शब्दशः वाचता येते.

यावरचा तोडगा दिवाळी अंकांच्या संपादकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अंक दिवाळीला निघतो. ज्याचा लेख वेळेत आला नाही, त्याच्यावाचून निघतो. ग्नोम या प्रकल्पाने २००२ नंतर सहा महिन्यांचे वेळापत्रक पत्करले. ऑक्टोबर २००४ मध्ये पहिल्यांदा आलेल्या उबुंटूने तर वर्ष आणि महिना हाच आवृत्तीचा क्रमांक केला. एप्रिल २००६ ची आवृत्ती अधिक पक्की करण्यासाठी सहा आठवडे लांबली, तेव्हा तिचा क्रमांकही ६.०४ ऐवजी ६.०६ झाला. विलंब लपवता येऊ नये अशीच ही योजना. लिनक्सचा गाभाही आता दर नऊ-दहा आठवड्यांनी निघतो. पुढची गाडी जवळ आहे म्हटल्यावर कोणी धावत नाही.

परंतु वेळापत्रक म्हणजे घाई नव्हे. फायरफॉक्स या न्याहाळकाने २०११ साली दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती काढण्याचे ठरवले. शेकडो संगणक एकाच वेळी सांभाळणाऱ्या संस्थांना हा वेग झेपेना. अखेर जानेवारी २०१२ मध्ये दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या निराळ्या आवृत्तीची सोय करावी लागली. २०२० पासून मुख्य आवृत्ती चार आठवड्यांवर आली, आणि तरीही ही संथ शाखा टिकून आहे. आमच्या मते ही माघार नव्हती. वाचक दोन प्रकारचे असतात याची ती उशिरा दिलेली कबुली होती.

घाईच्या मागणीत याहून गंभीर धोकाही दडलेला असतो. एक्सझेड ही फायली आक्रसून ठेवणारी छोटी आज्ञावली. ती मुख्यतः एकाच थकलेल्या स्वयंसेवकाच्या खांद्यावर उभी होती. २०२२ साली काही खात्यांनी काम फार मंद चालले आहे, नवा देखभालकर्ता नेमा, असा धोशा लावला. ती खाती बनावट असावीत असे आज मानले जाते. याच सुमारास मदतीला आलेल्या, विश्वास संपादन केलेल्या व्यक्तीच्या हातून फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मधल्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला गेला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ संगणकात प्रवेश करताना जेमतेम अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला, म्हणून तो मार्चअखेर उघडकीस आला. तोवर तो डेबियनच्या चाचणीच्या शाखांत पोहोचला होता, स्थिर शाखेत नव्हता. इथे मंदपणाने लाखोंचे रक्षण केले, आणि मंदपणाबद्दलच्या अधीरतेने दार उघडले.

दुसऱ्या टोकाला डोनाल्ड क्नूथ यांचे टेक उभे आहे. स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून असमाधानी झालेल्या या गणितज्ञाने १९७७ मध्ये अक्षरजुळणीची आज्ञावली रचायला घेतली. तिचा आवृत्तिक्रमांक दर दुरुस्तीगणिक पाय या संख्येच्या एकेक अंकाने जवळ सरकतो: २०१४ मध्ये ३.१४१५९२६५, २०२१ मध्ये ३.१४१५९२६५३. नवे काही घालायचे नाही, फक्त चुका काढायच्या, आणि त्याही वाढत्या अंतराने. पण क्नूथ यांना हे परवडते, कारण भोवतालचे जग चालत राहते. टेकभोवतीचा टेक लाइव्ह हा संग्रह दरवर्षी नवा होतो, आणि युनिकोडमधली देवनागरी थेट जुळवणारे झीटेक दुसऱ्यांनी २००४ मध्ये रचले. अचल केंद्राला चल परीघ लागतो.

तेव्हा आमचे म्हणणे असे. कच्ची आवृत्ती रोज काढली तरी हरकत नाही. मात्र ती कच्ची असल्याचे तिच्या कपाळावर लिहिलेले असावे. पक्की आवृत्ती वर्षा-दोन वर्षांनी, आधी जाहीर केलेल्या तारखेला निघावी, आणि जुनी आवृत्ती त्यानंतर निदान वर्षभर सांभाळली जावी. सुरक्षेची दुरुस्ती मात्र कुठल्याही तारखेची वाट पाहणार नाही, आणि तिच्या आडून नवे काही वापरणाऱ्याच्या गळी उतरवले जाणार नाही.

यावर आक्षेप येईल, आणि तो खरा आहे: जुन्या आवृत्तीला ठिगळे लावत बसणे हे कंटाळवाणे, नाव न होणारे काम आहे; ते फुकट कोणी का करावे? मुद्रितशोधकाची गत आपल्याला ठाऊक आहे. म्हणूनच स्थैर्य ज्यांना हवे, त्यांनी त्याचा भार थोडा तरी उचलला पाहिजे. विद्यापीठांनी आणि ग्रंथालयांनी पैशाने, आपल्यासारख्यांनी चुका नीट टिपून कळवण्याने आणि भाषांतरे तपासण्याने. आवृत्ती किती वेळा काढावी हे केवळ काढणाऱ्याच्या उत्साहावरून ठरू नये, तसेच ते केवळ वापरणाऱ्याच्या अधीरतेवरूनही ठरू नये. चुकीची किंमत कोण मोजणार, हे आधी विचारावे. तारीख त्यानंतर ठरवावी.