विजासनच्या टेकडीत ७१ फूट

नागपूरहून चंद्रपूरला निघालेली एसटी भद्रावतीत थांबते, तेव्हा बहुतेकांच्या डोक्यात ताडोबाचा वाघ असतो. कोणी पाण्याची बाटली घेतो, कोणी तर्री-पोहे खातो आणि पुन्हा आपली खिडकी गाठतो. बाहेर कोळशाचे ट्रक धूळ उडवत असतात. गावाला खेटून असलेल्या विजासनच्या टेकडीकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

टेकडीही बाहेरून काही सांगत नाही. अजिंठ्याची चित्रे इथे नाहीत, की कार्ल्याचा भव्य चैत्य नाही. इथे आहे तो सरळ डोंगराच्या पोटात खोदत नेलेला बोगदा. लांबी ७१ फूट. डोळे अंधाराला सरावतात तसतशी टोकाच्या गाभाऱ्यात बसलेली बुद्धाची प्रचंड मूर्ती आकार घेऊ लागते. मूळ बोगद्याला काटकोनात आणखी दोन फाटे फुटतात, त्यांच्या टोकालाही गाभारे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे सरकतो, त्या दिवसांत हे डोंगराचे पोट किती सुखाचे वाटत असेल, हे भिक्खूंना कोणी सांगावे लागले नसणार.

गावाचे जुने नाव भांदक. गाव भद्रावती झाले, रेल्वे स्थानकाच्या पाटीवर भांदकच राहिले. पांडवांच्या अश्वमेधासाठी भीमाने श्यामकर्ण घोडा आणला तो युवनाश्वाच्या भद्रावतीतून. ती नगरी हीच, असे गावकरी सांगतात. कथेचे सोडा, पण इथे सापडलेला ताम्रपट शके ६९४चा, म्हणजे इ.स. ७७२चा आहे. तो दिला राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाने, वेरूळच्या कैलास लेण्याचे श्रेय ज्याला दिले जाते त्यानेच. एका सूर्यमंदिराला गाव दान दिल्याची नोंद त्यात आहे. पुढे १८७०च्या दशकात अलेक्झांडर कनिंगहॅम मध्य प्रांताच्या दौऱ्यावर असताना भांदकला आला आणि इथल्या अवशेषांची नोंद त्याने आपल्या अहवालात केली.

भद्रावतीचा खरा गुण असा, की इथे नव्याने आलेल्या दैवताने जुन्याला उठवले नाही. शेजारी जागा धरली. गावात भद्रनागाचे देऊळ आहे, नागपंचमीला तिथे रीघ लागते. थोड्या अंतरावर जैनांचा केशरिया पार्श्वनाथ, त्याच्याही मस्तकावर नागाचा फणा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही मूर्ती नव्याने उजेडात आली आणि गाव जैनांच्या तीर्थयात्रेत आले. गवराळ्याच्या टेकाडावरचा वरदविनायक विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी एक. एका सकाळीच पायी फिरून हे सगळे पाहता येते.

वाटेत डोलारा तलाव लागला तर घाई करू नये. तलावातल्या बेटावर जाणारा दगडी पूल आहे, १३६ फूट लांब, ७ फूट रुंद. जाडजूड खांबांच्या दोन रांगा आणि त्यांवर टाकलेल्या दगडी तुळया, एवढाच कारभार.

दक्षिण इटलीत मातेरा नावाचे गाव आहे. तिथली माणसे कड्यात खोदलेल्या घरांत राहत. १९५२च्या कायद्याने त्यांना हलवले आणि गुहा ओस पडल्या. १९९३मध्ये त्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, आता तिथे हॉटेले चालतात. विजासनची लेणीही शेकडो वर्षे ओस होती, पण त्यांच्याकडे माणसे परतली ती वेगळ्या वाटेने. नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. कनिंगहॅमला जे नुसते अवशेष दिसले होते, ते त्या दिवसापासून इथल्या हजारो कुटुंबांचे आपले झाले.

दरवर्षी ऑक्टोबरात चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर गर्दी लोटते, तेव्हा त्यातली बरीच पावले विजासनकडेही वळतात. पांढऱ्या साड्यांतल्या आयाबाया, खांद्यावरची पोरे, हातात मेणबत्त्या. पुरातत्त्व खात्याच्या पाटीशेजारी चपलांचा ढीग वाढत जातो.